आईवडील दोघंही नाहीत, सातबाऱ्यावर लेकरांची नावं: कायदेशीर पालक कोणी आणि कसं व्हायचं?

काळी_माती (१२ जून, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घराचा प्रश्न मांडतो. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, आई याच उन्हाळ्यात गेली. मागे मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. वडिलांची आई आहे, वय ६६. काका शेजारीच राहतात, वावर सध्या तेच वाहतात. मामा आणि आत्या बाहेरगावी.

तीन एकर कोरडवाहू, वडिलांनी स्वतः विकत घेतलेलं. वडील गेल्यावर वारस फेरफार झाला तेव्हा आई, आजी आणि दोन्ही मुलं चढली. मुलांच्या नावाखाली "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान (१८ च्या खालच्या) मुलांची पालनकर्ती आई, असा शेरा आहे. आईच्या बँक खात्यात विम्याची रक्कम पडून आहे, नॉमिनी लावलेला नव्हता. बँक म्हणते कोर्टाचा पालकत्वाचा आदेश आणा. गावातले जाणते म्हणतात पाचशेच्या स्टॅम्पवर काकाच्या नावाने नोटरी करून घ्या, काम भागते. कोणी म्हणते सातबाऱ्यावर "अ.पा.क. काका" करून घ्या, तेच पालकत्व. नेमकं खरं काय?

अर्जनवीस_वर्धा (१२ जून, रात्री १०:२५)

भाऊ, नोटरीचा कागद करू नका. पैसे जातील आणि नंतर कोर्टात कोणीतरी तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवेल. पालकत्व हे संमतीने लिहून देण्या-घेण्याची वस्तू नाही. आजी, काका, मामा यांनी एकमेकांना कितीही लिहून दिलं तरी त्यातून कोणी कायदेशीर पालक होत नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक वडील आणि आई. संपलं. आजी, काका, मामा, मोठा भाऊ, सावत्र आई किंवा बाप, कोणीही नैसर्गिक पालक नाही. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे, हे आपल्याकडे आवर्जून सांगावं लागतं.

त्याच कायद्याचं कलम ११ वाचा: केवळ सांभाळ करतो म्हणून कोणालाही अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही. म्हणजे काकांनी उद्या मुलांच्या वाट्याचा धुराही (बांधही) कोणाला लिहून दिला तर तो कागद टिकणार नाही.

मग उरतं पालक व पाल्य अधिनियम १८९०. त्याखाली कोर्टाकडून नेमणूक घ्यायची. दुसरा रस्ता नाही. फक्त आधी एक विचारा: आईने मृत्युपत्र केलं होतं का? विधवा आई मृत्युपत्राने मुलांसाठी पालक नेमू शकते (कलम ९). साध्या कागदावर असलं तरी चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही. दवाखान्याच्या फाईलमध्ये, पेटीत, माहेरी, सगळीकडे शोधा.

काळी_माती (१२ जून, रात्री १०:४८)

मृत्युपत्र नाही, शोधून झालं. मग शाळेने आजीची सही कशी चालवली? आणि बँक का अडून बसली?

अर्जनवीस_वर्धा (१२ जून, रात्री ११:०५)

कारण "पालक" शब्दाचा अर्थ कायद्यागणिक बदलतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये ज्याच्या देखरेखीत आणि ताब्यात मूल आहे तोही पालक. म्हणून शाळा आजीची सही घेते आणि ते बरोबरच आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आजीचं नाव आहे म्हणून बँक पैसे देईल असं मात्र होत नाही. खातं आईचं. आईची वारस मुलं, सासू नाही. मुलांचे पैसे द्यायचे तर घेणाऱ्याला मालमत्तेचा पालक म्हणून कोर्टाने नेमलेलं असावं लागतं. पैसे चुकीच्या हातात गेले तर मुलं सज्ञान झाल्यावर बँकेलाच विचारतील.

फेरफार_नोंदवही (१३ जून, सकाळी ७:१५)

महसुलाच्या बाजूने लिहितो, कारण तिथेच जास्त गोंधळ होतो.

"अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. सातबाऱ्याच्या भोगवटादाराच्या रकान्यात मुलाच्या नावाखाली बारीक अक्षरात येतो तो शेरा. त्याचं काम एवढंच की खातेदार अज्ञान आहे आणि नोटीस कोणाला द्यायची हे कळावं. त्या शेऱ्याने विक्रीचा, गहाणाचा, बँकेचा कसलाही अधिकार मिळत नाही. काकाचं नाव तिथे आलं की चार लोकांना वाटतं वावर आता काकाचं, आणि भांडणाची सुरुवात तिथून होते. म्हणून कोर्टाचा आदेश येईपर्यंत ते नाव बदलायची घाई करू नका. आईच्या मृत्यूची वारस नोंद मात्र आत्ताच द्या. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ती तीन महिन्यांत कळवायची असते. महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज जातो. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात.

आता वाटे बघा, कारण पालकत्वाच्या अर्जात मुलांची मालमत्ता किती हे लिहावं लागतं आणि तिथे लोक सरळ "तीन एकर" लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. स्वकष्टार्जित जमीन, वडील मृत्युपत्राविना गेले, तेव्हा वारस चार: बायको, मुलगा, मुलगी आणि मृताची आई. प्रत्येकाला १/४. नंतर आई गेली, तिचा १/४ दोन्ही मुलांत, म्हणजे १/८ नि १/८. आज मुलगी ३/८, मुलगा ३/८, आजी १/४. तीन एकरात आजीचा पाऊण एकर, मुलांचे मिळून सव्वादोन. काकांचा त्यात शून्य. जमीन वडिलोपार्जित असती तर हे गणित वेगळं झालं असतं, म्हणून खरेदीखताची नक्कल अर्जासोबत लावा.

विहीर_आणि_वडाचं_झाड (१३ जून, सकाळी ८:०२)

वावर काकाच वाहतात ना, मग त्यांनाच पालक करून टाका. म्हातारीला कशाला कोर्टात ओढता?

सत्र_न्यायालय_रोड (१३ जून, दुपारी १:३०)

वकिली करते म्हणून सविस्तर लिहिते.

काकांना करू नये असं कायदा म्हणत नाही. पण १८९० च्या कायद्याच्या कलम १७ खाली कोर्ट काय पाहतं ते समजून घ्या. मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, मृत आईवडिलांची इच्छा काही नोंदली असेल तर ती, आणि त्या माणसाचे मुलाशी किंवा त्याच्या मालमत्तेशी आजचे-पूर्वीचे संबंध. शेवटचा मुद्दा काकांना अडचणीचा. मुलांचं वावर ते वाहतात, तर दोन हंगामांचं उत्पन्न कुठे गेलं हा पहिला प्रश्न येईल. कापूस विक्रीच्या पट्ट्या, सोयाबीनच्या बिलाच्या पावत्या, बियाणं-खताचा खर्च लिहिलेला असेल तर काकांची बाजू भक्कम. नसेल तर मामाकडची मंडळी हरकत घेतील आणि साधा अर्ज दाव्यासारखा लांबेल.

आजी एकटी करायची तर वयाची अडचण. कायद्यात वरची वयोमर्यादा नाही, पण मुलगा ९ वर्षांचा आहे आणि त्याला १८ व्हायला अजून ९ वर्षं लागतील. म्हणून मी इथे आजी आणि आत्या अशा दोघींचा संयुक्त अर्ज सुचवेन. संयुक्त पालक नेमता येतात, आणि एक वारला तर दुसऱ्याचं पालकत्व चालू राहतं, पुन्हा पहिल्यापासून अर्ज लागत नाही. व्यक्तीचा पालक वेगळा आणि मालमत्तेचा वेगळा असंही कोर्ट नेमू शकतं. आजी स्वतः सहहिस्सेदार आहे ही गोष्ट लपवू नका. ती अर्जात उघड लिहिली की अडचण राहत नाही. दुसऱ्याने कोर्टासमोर आणली की संशय येतो.

कोर्ट कोणतं? मुलं नेहमी जिथे राहतात त्या भागाचं जिल्हा न्यायालय. मालमत्तेपुरतं जमीन जिथे आहे तिथलंही चालतं. पुसद, पांढरकवड्याकडच्या लोकांना यवतमाळला जायची गरज नाही, तिथे अतिरिक्त जिल्हा न्यायालयं आहेत. ज्या जिल्ह्यात कुटुंब न्यायालय आहे तिथे एक खाच आहे: व्यक्तीचं पालकत्व आणि ताबा कुटुंब न्यायालयाकडे, पण निव्वळ मालमत्तेचं पालकत्व जिल्हा न्यायालयाकडेच. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो परत मिळून नवीन ठिकाणी दाखल होईपर्यंत महिने जातात.

अर्जात त्याच कायद्याच्या कलम १० प्रमाणे हे यावं लागतं: मुलाचं नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, राहतं ठिकाण, मालमत्ता काय, कुठे, अंदाजे किंमत, मूल सध्या कोणाच्या ताब्यात, जवळचे नातेवाईक कोण आणि कुठे राहतात, आधी कोणी पालक नेमला होता का, आधी कुठे अर्ज केला होता का, त्याचं काय झालं, आणि नेमणूक का हवी. दोन्ही मुलांची माहिती स्वतंत्र परिच्छेदात द्या.

सोबत एक कागद लोक हमखास विसरतात. होऊ घातलेल्या पालकाचं "मी पालक व्हायला तयार आहे" असं सही केलेलं निवेदन, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. आजीचा अंगठा असेल तर अंगठ्याशेजारी तिचं नाव कोणी लिहिलं, तिला मजकूर मराठीत वाचून कोणी दाखवला, हे त्याच कागदावर लिहून घ्या. हे नसलं की कार्यालयीन हरकत निघते.

काळी_माती (१३ जून, दुपारी २:१०)

ताई, फार मोलाचं लिहिलं. कागदपत्रं कोणकोणती गोळा करू? आणि वकिलाचा खर्च या घराला झेपणार नाही.

सत्र_न्यायालय_रोड (१३ जून, दुपारी २:४५)

खर्चाचं आधी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ खाली स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इथे अर्जदार बाई आहे, तेवढं पुरे. तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, अर्ज एका पानाचा. कोर्ट फी आणि नोटिशीचा खर्चही त्यात बसतो. फोन करायचा तर १५१००.

कागद: दोन्ही मुलांचे जन्मदाखले, बोनाफाईड, आईवडिलांचे मृत्यूदाखले, सगळ्यांचे आधार, शिधापत्रिका, चालू सातबारा, आठ-अ, खरेदीखत, फेरफाराची नक्कल, बँकेचं शिल्लक दाखवणारं पत्र आणि "आदेश आणा" असं बँकेने लेखी दिलं असेल तर ते. तोंडी सांगितलेलं कोर्टात दाखवता येत नाही, म्हणून बँकेकडे लेखी मागा. पोलीस पाटील, सरपंचांचा दाखला लावा, पण त्यावर विसंबू नका, त्याने नातं सिद्ध होत नाही. काका, मामा यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं मिळाली तर नोटिशीचा टप्पा सुटसुटीत होतो.

आणि दाखल करण्याआधी सगळे कागद एका सतरंजीवर मांडून नावं ताडून पाहा. जन्मदाखल्यात "वैष्णवी", आधारवर "वैश्नवी". शाळेत बापाचं नाव "गजानन", मृत्यूदाखल्यात "गजाननराव", सातबाऱ्यावर "गजानन वल्द" आणि पुढे आजोबांचं नाव. माणूस एकच हे सगळ्या गावाला माहीत असतं, फाईलला नसतं. मोठी तफावत असेल तर दाखला दुरुस्त करून घ्या, किरकोळ असेल तर अर्जातच "उर्फ" लिहून सगळी रूपं द्या. आदेशात नाव चुकलं तर बँक तो आदेश परत पाठवते आणि दुरुस्तीला पुन्हा अर्ज लागतो.

फेरफार_नोंदवही (१३ जून, दुपारी ३:३०)

जन्मनोंदच नसेल तर? बाळंतपण घरी झालं, ग्रामपंचायतीत नोंद नाही, असं अजूनही निघतं. जुन्या माणसांसाठी आपल्याकडे कोतवाल पंजीची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मिळते, पण या मुलांसाठी ती वाट नाही. एक वर्षाच्या वरची विलंबित नोंद २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाने होते. हे आधी करा. जन्मतारीख ठरल्याशिवाय सज्ञान कधी होणार हे ठरत नाही.

बालहक्क_अमरावती (१३ जून, सायंकाळी ६:२०)

कोर्टाचं चालू द्या, पण तोवर घरात पैसा येणं बंद व्हायला नको. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्याला पालकत्वाचा कोर्ट आदेश लागत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. गृहभेट होते, मुलं समितीपुढे हजर करावी लागतात. दोघांचे दोन अर्ज.

तिथेच अनाथ प्रमाणपत्राचंही विचारा. वयाच्या १८ च्या आत दोन्ही पालक गमावलेल्या आणि नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांनाही ते मिळू शकतं, पुढे शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षणाला कामी येतं.

बाल कल्याण समितीने आजीकडे मुलं सोपवल्याचा आदेश दिला तर तो सांभाळापुरता. त्यावर बँकेचे पैसे मिळत नाहीत, जमीन विकता येत नाही. अनेक घरं तो आदेश घेऊन बँकेत जातात आणि हात हलवत परत येतात.

दुसरं, मुलगी १४ वर्षांची आहे. "पोरीचं जमवून टाका, एक जबाबदारी कमी" असं म्हणणारे नातेवाईक चार महिन्यांत येतील. १८ च्या आत लग्न लावणं बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ खाली गुन्हा आहे, आणि पालक म्हणून नेमलेली व्यक्तीही त्यातून सुटत नाही. कुणकुण लागली तर बालमदतीच्या १०९८ वर फोन करा.

मेळघाट_वाट (१३ जून, रात्री ९:००)

वरचं सगळं वाचताना एक लक्षात ठेवा. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू नाही, त्यातच तसं लिहिलं आहे. हिंदू वारसा कायद्याचंही तेच. त्यामुळे वर दिलेले ३/८, १/४ हे वाटे आदिवासी घराला तसेच लावू नका. पालक नेमायचा अर्ज मात्र १८९० च्या कायद्याखालीच, तो सगळ्यांना आहे. मुस्लिम घरांतही बाप नसताना आईला मुलांच्या मालमत्तेसाठी याच कायद्याखाली यावं लागतं, कारण त्यांच्या व्यक्तिगत कायद्यात मालमत्तेचं पालकत्व आईकडे आपोआप येत नाही.

आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायला कोर्टाची परवानगी मिळाली तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खालची मंजुरी वेगळी लागतेच.

दोन_धुऱ्यांमध्ये (१४ जून, सकाळी ७:४०)

थोडा वेगळा प्रश्न. फक्त वडील वारले, आई हयात आहे आणि तिने दुसरं लग्न केलं, तर पालकत्व जातं का? सासरचे तसं सांगून धमकावतात.

सत्र_न्यायालय_रोड (१४ जून, सकाळी १०:१५)

जात नाही. पुनर्विवाह हे आईचं पालकत्व जाण्याचं कारण १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये नाही. तिचा नवा नवरा मात्र मुलांचा नैसर्गिक पालक होत नाही. सासरच्यांना मुलं हवी असतील तर आई अयोग्य आहे हे त्यांनी कोर्टात सिद्ध करावं लागेल, आणि निकष मुलांच्या हिताचा राहील.

आई हयात असली तरी एक बंधन आहेच. त्याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही मुलाची स्थावर मालमत्ता विकायला, गहाण ठेवायला, बक्षीस द्यायला, किंवा पाच वर्षांहून जास्त अथवा सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाच्या पुढे जाईल असा पट्टा करायला कोर्टाची पूर्वपरवानगी लागते. "पूर्व" शब्द महत्त्वाचा. इसारपावती करून, निम्मे पैसे घेऊन मग परवानगीला धावणं हीच आपल्याकडची सर्वांत मोठी चूक. मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत असा व्यवहार रद्द करून मागू शकतो.

काळी_माती (१४ जून, सकाळी ११:००)

इथे विकायचं कोणाच्या मनात नाही. पण मुलीला पुढे नागपूरला होस्टेलवर ठेवायचं आहे, एखादवेळी थोडं वावर मक्त्याने (भाडेपट्ट्याने) द्यावं लागेल. आदेश मिळाल्यावर काय पाळावं लागतं?

सत्र_न्यायालय_रोड (१४ जून, दुपारी १२:३०)

अर्ज दाखल करतानाच मागण्यांत लिहा: दोन्ही मुलांच्या व्यक्तीचे आणि मालमत्तेचे पालक नेमावं, अमुक बँकेतली अमुक रक्कम स्वीकारून मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाकण्याची आणि व्याज शिक्षणाला वापरण्याची मुभा द्यावी, मुलीला शिक्षणासाठी कोर्टाच्या हद्दीबाहेर ठेवण्याची परवानगी द्यावी. तिसरी मागणी कोणी लिहीत नाही. १८९० च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोर्टाने नेमलेल्या पालकाला परवानगीविना मुलाला हद्दीबाहेर हलवता येत नाही. शिक्षणासाठी सर्वसाधारण परवानगी एकदाच मागता येते. बँकेचं नाव, शाखा, रकमेचा आकडा आदेशात यायला हवा, "सर्व रक्कम" एवढंच आलं की बँक पुन्हा अडते.

मालमत्तेच्या पालकाकडून कोर्ट बंधपत्र मागू शकतं, जामीनदारासह किंवा जामिनाविना. जामीनदार लागला तर त्याचा ऐपतीचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा, आदेश होऊनही कित्येकदा फाईल त्यासाठीच थांबते. कोर्टाने सांगितल्यास सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे हिशेब द्यायचा. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, पावती त्याच पानाला टाचलेली. आजीचा १/४ आणि मुलांचा ३/४ दर हंगामाला वेगळा दाखवा.

मक्ता एका वर्षाचा करा, लेखी करा, आणि देणार म्हणून मुलांची नावं "तर्फे कोर्टाने नेमलेले पालक" अशी घाला. पाच वर्षांच्या वर किंवा मुलाच्या सज्ञानतेनंतर वर्षाच्या पुढे जाईल असा करार परवानगीविना नको.

फेरफार_नोंदवही (१४ जून, दुपारी १:०५)

त्यात भर. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे, कसणाऱ्याने उद्या कुळाचा हक्क सांगू नये म्हणून वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे तोंडी मक्त्याने वावर ठेवू नका. ई-पीक पाहणी खातेदाराच्या, म्हणजे मुलांच्या आणि आजीच्या नावानेच भरली जाते ना, हे दर हंगामाला सातबाऱ्यावर बघा. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की "अ.पा.क. आई" जाऊन नवीन पालकांचं नाव लावायचा अर्ज द्या. मुलगी १८ ची झाली की तिच्यापुरता शेरा कमी करायचा अर्ज जन्मदाखल्यासह ई-हक्कवरच. पूर्वी कोर्टाने पालक नेमला असेल तर सज्ञानतेचं वय २१ धरत, १९९९ च्या दुरुस्तीपासून सगळ्यांना १८ च आहे. काही जुने लोक अजून २१ सांगतात.

काळी_माती (१४ जून, रात्री ८:५०)

आत्या तयार आहे, मामा ना-हरकत द्यायला राजी आहेत. काका थोडे नाराज आहेत, पण हिशेब लिहून देतो म्हणाले. शेवटचं एकच: मुलांना कोर्टात उभं करतात का? पोरगा फार बुजरा आहे.

सत्र_न्यायालय_रोड (१४ जून, रात्री ९:३०)

पिंजऱ्यात नाही. मत सांगण्याइतकं कळतं असं मूल असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतात, आणि बहुतेक वेळा ते दालनात, वकील-नातेवाईक बाहेर ठेवून बोलतात. १४ वर्षांच्या मुलीशी बोलतील असं धरून चाला. मुलांना काही पढवू नका. "आजीला माय म्हण", "काकाचं नाव घेऊ नको" असं शिकवलेलं दोन प्रश्नांत उघडं पडतं आणि नुकसान आजीचं होतं. त्या दिवशी शाळेच्या गणवेशात पाठवलं तरी चालेल, सोबत आत्या असावी.

काका नाराज असले तरी नातेवाइकांच्या यादीतून त्यांचं नाव गाळू नका, पत्ता पूर्ण द्या. नोटीस "पत्ता अपूर्ण" म्हणून परत आली की तारीख पुढे जाते. अर्ज नोंदल्यावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळेल. तो आत्याच्या मोबाईलवर ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाकून ठेवा, पुढची तारीख घरबसल्या दिसेल.

काळी_माती (१४ जून, रात्री ९:४१)

सोमवारी आजी आणि आत्याला घेऊन तालुका विधी सेवा समितीत जातो. बँकेला लेखी पत्र उद्याच देतो, पोच घेऊन.

फेरफार_नोंदवही (१४ जून, रात्री ९:५५)

पोचवर शिक्का आणि तारीख दोन्ही घ्या भाऊ. आणि वारस नोंदीचे तीन महिने मोजा, आई उन्हाळ्यात गेली म्हणालात.

काळी_माती (१४ जून, रात्री १०:०२)

२२ एप्रिल. म्हणजे २२ जुलैच्या आत. लिहून ठेवलं.